हिलेही तेच हाये

त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटला नाही. कपाशीची खालची बोंडं झाडावरच सडली, सोयाबीनला शेंगेतच मोड आले. नानाजी ढवसांनी सोयाबीनवर रोटावेटर फिरवला आणि विहिरीजवळच्या त्या वावरात हरभरा पेरला. मारेगावच्या बाजूला काळ्या मातीत हरभरा ओलीवरही येतो, पण फुलावर असताना पाणी मिळालं तर तो घर सावरतो. ढवसांच्या घरात आता सगळ्यांचा जीव त्या पाण्यात होता.

घरात नानाजी, त्यांची बायको इंदुताई, मुलगा पियुष, सून निकिता आणि चौथीतली नात अपेक्षा.

निकिता फुलसावंगीची. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिला 'भुलक्कड' हे नाव पडलं. दूध गॅसवर ठेवून ती कोंबड्या कोंडायला जायची, तिथून वाळवण उचलायला गच्चीवर, आणि दूध उतू जाऊन ओटा काळा व्हायचा. विळा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवायची आणि सबंध गवत पालथं घालायची. कापूस वेचायला लागली की मात्र तिचा हात असा चालायचा की शेजारच्या ओळीतली बाई मागे पडे. पण वेचता वेचता ती दुसऱ्याच्या ओळीत शिरलेली असे. इंदुताई म्हणायच्या, "काम चांगलं करते, पण डोक्शाले कडी नाही. सताड उघडं."

अपेक्षा आईवरच गेली होती, आणि वर तिच्या पायांत भिंगरी होती. एक दिवस तिच्या शाळेतल्या मैत्रेयी बाई स्वतः घरी आल्या.

"हुशार आहे हो," खाटेवर बसत त्या म्हणाल्या. "पाढे तोंडपाठ. पण वहीत एक ओळ लिहिली की पेन्सिल खाली आणि ही खिडकीत. रागावलं की रडते, आणि पुन्हा तेच. मुद्दाम नाही करत ती."

"दोन रट्टे द्या न बाई," इंदुताई सुपातलं धान्य पाखडत म्हणाल्या. "बसते बराबर."

"रट्ट्यानं बसायची असती तर आतापर्यंत बसली असती, काकू. यवतमाळला एक डॉक्टरीणबाई आहेत. एकदा दाखवा."

नानाजींना ते पटलं नाही, पण बाईंसमोर ते नाही म्हणू शकले नाहीत. पियुष आणि निकिता अपेक्षाला घेऊन यवतमाळला गेले.

डॉक्टरीणबाईंनी अपेक्षाला खोलीत मोकळं सोडलं. ती वजनकाट्यावर चढली, उतरली, टेबलाचा खण उघडला, पंख्याची पाती मोजायला गेली आणि मध्येच विचारलं, "हे पाल इथंच राह्यते का?" बाई सगळं पाहत होत्या, तिच्याशी बोलत होत्या, आणि मग बराच वेळ आईबापाशी बोलल्या.

"हिला लक्ष नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष पुष्कळ आहे, पण ते हिच्या ताब्यात राहत नाही. तुम्ही म्हणाल तिकडे ते थांबत नाही, त्याला ओढ लागेल तिकडे पळतं. याला एडीएचडी म्हणतात. वेड नाही, आळस नाही, आणि तुमच्या वळणाची चूकही नाही. मेंदूची घडणच तशी असते, लहानपणापासून."

"बरं होते का मॅडम?" पियुषनं विचारलं.

"सांभाळता येतं. एका वेळी एकच काम सांगा. केलं की लगेच शाबासकी द्या, संध्याकाळपर्यंत थांबू नका. शाळेतल्या बाईंशी मी फोनवर बोलते. गोळी द्यायची का ते पुढच्या महिन्यात ठरवू. घरात आणखी कोणी आहे का असं? पुष्कळदा असतं."

पियुष हसला. "हे काय, बसली न बाजूले."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची निकिताकडे वळवली. वस्तू हरवतात का, कोणी बोलत असताना मन निघून जातं का, शाळेत काय म्हणायचे, असं एकेक विचारलं. शेवटी म्हणाल्या, "लोक किती वर्षांपासून रागावतात तुमच्यावर?"

निकितानं पदर तोंडात धरला.

"तुमचंही एकदा नीट पाहू," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

परतीच्या एसटीत अपेक्षा खिडकीशी झोपली. करंजीला गाडी थांबली तेव्हा पियुष उतरून समोसे घेऊन आला आणि पहिला निकिताच्या हातात दिला.

"म्हंजे तू जाणूनबुजून नव्हती करत," तो म्हणाला.

"मी सांगतच होती न तुमाले."

"मले वाटे, कामाचा कंटाळा हाये तुले." त्यानं समोशाचा कागद चुरगळला. "उगीच बोललो लय डाव."

इतक्या वर्षांत निकिताला असं कोणी म्हणालं नव्हतं, माहेरीही नाही. ती म्हणाली, "घरी माह्यं नका सांगू जी. पोरीचं सांगा. आत्याबाईले कळलं का साऱ्या गावाले कळन." सासूला ती आत्याबाई म्हणे.

"नाही सांगत. मी काय येडा हावो का?"

मग ती बोलतच सुटली. लहानपणी वर्गात तिला दाराबाहेर उभं करत, ते. लग्नाच्या आधी आईनं तिला सांगितलं होतं, तिथं जास्त बोलू नको, कोणाच्या लक्षात येऊ देऊ नको, ते. आणि रोज निजताना वाटतं की आज काय विसरलं ते उद्या कोणीतरी सांगेल, तेही. पियुष ऐकत होता. मारेगाव कधी आलं ते तिला कळलंच नाही.

पुढचे दिवस बरे गेले. निकिता पोरीला एकच काम सांगायची. "तांब्या आण." आणला की, "शाब्बास. आता झाकण." अभ्यास उभ्यानं करू द्यायची. अपेक्षा खांबाला एक हात धरून गोल फिरत कविता म्हणायची आणि ती तिला पाठ व्हायची. मैत्रेयी बाईंनी तिला फळा पुसायचं, खडू आणायचं काम दिलं. खिडकीत चढणं कमी झालं.

हरभरा फुलावर आला. दिवसा विजेची लाईन असे त्या आठवड्यात स्प्रिंकलर लावून पाणी द्यायचं ठरलं. विहिरीत पाणबुडी मोटर होती. तिच्या स्टार्टरचा रिले सारखा पडतो म्हणून पियुषनंच तो वायर जोडून डायरेक्ट केलेला, म्हणजे पाणी संपलं तरी मोटर आपोआप बंद पडायची नाही, कोरडी चालून जळायची. कोणीतरी बसून राहणं भाग होतं. ते काम निकितानं मागून घेतलं. तिनं स्वतःपुरता एक नियम केला होता. मोटर सुरू आहे तोवर विहिरीच्या काठावरून उठायचं नाही, तहान लागली तरी नाही. सोलायच्या तुरीच्या शेंगा मांडीवर घेऊन ती बसायची. सुटीच्या दिवशी अपेक्षा सोबत यायची आणि पाण्यातला काळा कातळ उघडा पडला की ओरडायची, "आई, बंद!" निकिता बटण दाबायची. विहीर भरेपर्यंत पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात लावायचे. चिखलात पाय रुतायचे, ॲल्युमिनियमच्या पाइपांनी खांद्यावर वळ उठायचे.

एक दिवस नानाजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले. ओल पायानं दाबून पाहिली. म्हणाले, "जमते तुले." तेवढंच. निकितानं त्या दिवशी जेवताना ते दोनदा आठवलं.

मग कपाशीचा वेचा आला. तांड्यावरची जमनाबाई चार बाया घेऊन आली. निकिता मोटर सुरू करून काठावर बसली होती. तिथं पियुष गाडीवरून आला. जमनाबाई विहिरीजवळच्या ड्रमातून पाणी पीत होती.

"तू जाय बायायसंग," पियुष म्हणाला. "त्या ओला कापूस वेचून राह्यल्या. त्यायच्यावर पाह्य. तिथून हलू नको. मोटर मी पाह्यतो."

"कातळ दिसला का बंद करजा जी."

"मले शिकवते का?"

ती गेली. दिवसभर बायांबरोबर वेचत राहिली. अर्धं वावर वेचून काढलं. उन्हं कलली तेव्हा बाया गाठोडी बांधून तांड्याकडे निघाल्या, आणि विहिरीकडून पियुष धावत आला. "मोटर बोलत नाही. स्टार्टर नुस्ता घुमते."

दुसऱ्या दिवशी बाजार होता, वेचा बंद. सकाळी शेजारच्या वावरातला उकंडा मदतीला आला, मारेगावहून मोटरी दुरुस्त करणारा वाइंडिंगवाला आला. दोराला लटकून, पाय काठाला रोवून चौघांनी मोटर वर ओढली. दोरानं नानाजींच्या तळहाताची साल निघाली. मोटर काठावर टेकली तसा जळक्या वार्निशचा वास सुटला.

वाइंडिंगवाल्यानं नुसता वास घेतला. "कोरडी चालली हे. लय वेळ चालली."

"मोटरीवर कोण होतं?" नानाजींनी विचारलं.

पियुष बापाकडे पाहत नव्हता. मागच्या वर्षी फवारणीच्या पंपावरून नानाजींनी त्याला पानठेल्यावर, लोकांसमोर कानाखाली ओढली होती. तेव्हा तो एका पोरीचा बाप होता. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला.

"हे होती," तो निकिताकडे बोट करून म्हणाला.

निकिता चहाची किटली घेऊन उभी होती. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी? तुम्हीच तर म्हणाले न जी, बायायसंग जाय..."

"हो म्हणलं. अन दुपारी वापस ये म्हणलं, मले मारेगावले जा लागते म्हणून. म्हणलं का नाही?"

"नाही म्हणलं..."

"आठवते का तुले? आठवते?" त्याचा आवाज चढला, आणि मग तो उकंडाकडे, वाइंडिंगवाल्याकडे, बापाकडे वळला. "अजी बाबा, तुमाले सांगतलं नव्हतं. त्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, पोरीले जे हाये न, हिलेही तेच हाये. डोक्शात राह्यतच नाही हिच्या. हिच्या हातात मोटर द्याचीच नव्हती."

उकंडानं मान खाली घातली. वाइंडिंगवाला निकिताकडे एकदा पाहून पाना शोधू लागला.

निकिता आपल्या मनात कालचा दिवस शोधत होती. विहीर, ड्रम, गाडी, नवऱ्याचा चेहरा. दुपारी वापस ये. तिथं ते शब्द नव्हते. पण नसलेले शब्द तिच्या आयुष्यात पुष्कळ होते. दळण आणायला सांगितलेलं, चुलत दिराच्या मुलाच्या वाढदिवसाचं, बैलाच्या औषधाचं. दर वेळी तिला वाटलं होतं की कोणी सांगितलंच नाही, आणि दर वेळी सांगितलेलं निघालं होतं. मग हेही असेल. नवरा कशाला खोटं बोलेल? एसटीत ज्यानं समोसा आधी तिला दिला, तो?

"म्हणलं असन," ती म्हणाली. "मी विसरली असन."

नानाजी तिच्या हातातली किटली घेऊन स्वतः कपांत चहा ओतू लागले, जणू तेही तिच्यानं व्हायचं नाही.

मोटर वणीला गेली. तिथं अशा जळलेल्या मोटरींची रांग लागली होती. हरभऱ्याची फुलं गळू लागली. निकिता रोज धुऱ्यावरून जाताना खाली पाहायची नाही. घरात इंदुताईंनी कपाटाची किल्ली आपल्या कमरेला लावली, गॅसजवळ स्वतः उभ्या राहू लागल्या. किराणा दुकानात एका बाईनं विचारलं, "गोळी घेतली का आज डोक्याची?" आणि बाकीच्या हसल्या. रात्री पियुष पाठ करून झोपायचा. तिनं एकदा म्हटलं, "सांगाचं नव्हतं न जी तुमी." तो म्हणाला, "मंग काय सांगाचं होतं?"

यवतमाळची तारीख जवळ आली तेव्हा नानाजींनी जेवताना सांगून टाकलं. "आता पोट्टीले तिकडं न्याचं नाही. झाली तेवढी बदनामी बस झाली. उद्या लगन कराचं हाये तिचं."

"शाळेत फरक पडला मामाजी..."

"तुले काय कळते त्यातलं?"

पियुष भात कालवत राहिला.

पुढचा वेचा आला तेव्हा जमनाबाई पुन्हा आली. उरलेला कापूस थोडा, बोंडं काळवंडलेली. दोघी शेजारच्या ओळींत होत्या. जमनाबाईच्या कानांवर मोटरीचं आलं होतं.

"तुह्यावर काहून घेतलं त्यायनं?" ती सहज म्हणाली.

"मी विसरली, मावशी. त्यायनं दुपारी बलावलं होतं."

जमनाबाईचा हात बोंडावर थांबला. "कोणं बलावलं? छोरी, मी ड्रमापाशी पाणी पेत होती. तुह्या नवऱ्यानं म्हणलं, तिथून हलू नको, मोटर मी पाह्यतो. मी माह्या कानानं ऐकलं. अन तू हललीच नाही, दिवसभर माह्या डोळ्यासमोर होती. तो त लगेच गेला. त्याची गाडी मारेगावच्या रोडनं जाताना साऱ्या बायायनं पाह्यली."

"हलू नको म्हणलं? हेच?"

"हेच. आपल्याले कायले खोटं बोलाचं?"

निकिता ओळीत खाली बसली. कपाशीची सुकी पानं तिच्या गालाला टोचत होती. जमनाबाईला वाटलं तिला चक्कर आली. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. निकितानं ती घेतली नाही. तिला चक्कर नव्हती आली. ढवळलेलं पाणी निवळावं तसा तो दिवस तिला पुन्हा स्वच्छ दिसत होता, आणि तो पहिल्यापासून असाच होता. तिच्या डोक्यात तो नीट ठेवलेला होता. तिच्याकडून तो दुसऱ्यानं काढून घेतला होता.

पियुष अंगणात फवारणीच्या पंपाची नळी साफ करत होता. ती जाऊन समोर उभी राहिली. गाठोडं डोक्यावरच होतं.

"तुमी म्हणलं होतं, हलू नको."

त्यानं वर पाहिलं नाही. "कोण म्हणते?"

"मी म्हणते. मले आठवते."

नळीतून थेंब गळत राहिला. मग त्यानं ती बाजूला ठेवली. "तासाभरात येईन म्हणलं होतं. माह्या दोस्ताची, नयनची नवीन गाडी पाहाची होती, मंग ते लोकं जेवाले घेऊन गेले. मले काय माहीत एवढा वेळ होईन?"

"मंग माह्यं नाव काहून घेतलं?"

"बाबानं मले पुन्हा चारचौघांत मारलं असतं." आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिची समजूत घालावी तसा बोलला. "तुह्यं काय बिघडलं त्यात? तुले बिमारीच हाये. बिमार माणसाले कोण काय म्हणते? तुले कोणी हात तरी लावला का?"

इंदुताई दारात आल्या होत्या. निकितानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवून दाराची कडी नीट केली.

"आत्याबाई, तुमाले माहीत होतं?"

"झालं ते झालं," इंदुताई म्हणाल्या. "घरातल्या घरात ठेव. त्या बापलेकायचं पटत नाही, तुले माहीत हाये. तुह्या अंगावरून निभावून गेलं."

निकितानं गाठोडं खाली टाकलं आणि आत गेली.

त्यानंतर चारदोन दिवसांत एका सकाळी बकरी सुटून शेजारच्या वांग्यांत शिरली. शेजारी भांडायला दारात आला. फाटकाची कडी नानाजींनीच उघडी टाकली होती. पहाटे बैल बाहेर काढले तेव्हा निकितानं स्वतः पाहिलं होतं. अपेक्षा तोवर अंथरुणातून उठलीही नव्हती. आता ती डोळे चोळत अंगणात आली, तसं इंदुताईंनी विचारलं, "फाटक कोणं उघडलं वं?"

पोरगी जराही थांबली नाही. "मीच उघडलं असन आजी," ती म्हणाली. "विसरली असन."

आणि दात घासायला निघून गेली.

निकितानं त्या सकाळी भाकरी केल्या नाहीत. तिनं अपेक्षाची वेणी घातली, चांगला फ्रॉक चढवला आणि नानाजींसमोरून तिला घेऊन फाटकाबाहेर पडली. "कुठं?" त्यांनी विचारलं. "यवतमाळ," ती म्हणाली. ते खाटेवरून उठले, पण तोवर दोघी रस्त्याला लागल्या होत्या.

फाट्यावर पियुष मागून गाडी घेऊन आला. "बस. मारेगावपर्यंत सोडतो."

"बाबाले सांगतलं?"

"सांगतो न. हरभरा निघू दे."

"उकंडाभाऊ होते, वाइंडिंगवाला होता. त्या साऱ्यायसमोर सांगा लागन."

तो गाडीच्या हँडलवरची धूळ पुसू लागला. एसटी आली. निकितानं अपेक्षाला आधी चढवलं, मग स्वतः चढली. गाडी हलली तरी तो तिथंच उभा होता, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी अपेक्षाशी खूप वेळ घालवला. मैत्रेयी बाईंनी फोनवर सांगितलेलं त्यांच्याजवळ होतं. त्यांनी लहान मात्रेची गोळी लिहून दिली, भूक मंदावली तर कळवा म्हणाल्या. मग त्यांनी नवा कागद घेतला. "आता तुमचं पाहू."

"माह्यं नका लिहू," निकिता म्हणाली.

"का?"

"लिहून ठेवलं का मंग घरात जे बिघडते ते माह्यंच होऊन जाते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही लिहीत," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटेल तेव्हा या. पोरीसोबतच यायला हवं असं नाही."

बाहेर दुपारचं ऊन होतं. औषधाच्या दुकानासमोर रिक्षावाले, फळांच्या गाड्या, गर्दी. अपेक्षा तिचा हात धरून उड्या मारत चालली होती. मध्येच तिनं विचारलं, "आई, तुले नाही का मंग ते? माह्यावालं?"

निकिता थांबली. तिनं पोरीला गर्दीतून बाजूला घेतलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"हाये. तुले हाये अन मलेही हाये. पण मोटर मी नाही जाळली. अन फाटक तू नाही उघडलं."

अपेक्षा फळवाल्याच्या तराजूकडे पाहत होती. निकितानं हलकेच तिची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"म्हण."

"मी नाही उघडलं."

"जोऱ्यानं म्हण."

"मी नाही उघडलं!" अपेक्षा ओरडली. फळवाल्यानं वळून पाहिलं, रिक्षावाल्यांनी पाहिलं. निकितानं पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही. ती तशीच बसून राहिली आणि पोरीला म्हणाली, "अजून एकडाव."